अकरा चाळीसचा मेल

१

पुण्याच्या कंपनीने दिशा शिवलकरचा राजीनामा स्वीकारला, तेव्हा दिशाने तो दिलेलाच नव्हता.

सोमवारची सकाळ होती. रत्नागिरीच्या मांडवीतल्या घराच्या माडीवर, कौलांखालच्या खोलीत ती नेहमीसारखी एकटी कामाला बसली होती. लॅपटॉप उघडला आणि साहेबांचा मेल दिसला. 'आपल्या अडचणी आम्ही समजू शकतो. आपण केलेल्या कामाबद्दल आभार.' खाली तिचंच म्हणून एक पत्र जोडलेलं होतं. इंग्रजीत, सहा ओळींचं. घरगुती कारणांमुळे यापुढे काम करणं शक्य नाही, तरी मला कामातून मोकळं करावं. शेवटी तिचं नाव. पत्रात वर टाइप केलेली तारीख, बारा एप्रिल २००७, आणि मेलवर पाठवल्याची वेळ: गुरुवार, सकाळी अकरा चाळीस.

तिने ते तीनदा वाचलं आणि मग खाली ओटीवर येऊन पुण्याला फोन लावला.

"अहो, मलाही वाईट वाटलं," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात घाई होती. "पण पत्र तुमच्याच पत्त्यावरून आलं. शुक्रवारीच तुमची ड्रॉइंगं दुसऱ्याकडे दिली. आता त्याच्याकडून काढून कशी घेऊ?"

रिसीव्हर ठेवून ती तशीच उभी राहिली. चौतीस वर्षांची दिशा यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं करायची. आई गेल्यावर वडिलांसाठी ती पुण्याची नोकरी सोडून रत्नागिरीला आली, आणि त्याच कंपनीने घरून करायला काम दिलं. मैत्रिणी पुण्याला राहिल्या आणि हळूहळू फोन करायच्या थांबल्या. दिवसातून चारदा पुण्याहून येणारे मेल, तेवढाच तिचा बाहेरच्या जगाशी संबंध उरला होता.

"काय झालं गो?" खाटेवरून वडिलांनी विचारलं.

"माझ्या नावाने कोणीतरी राजीनामा पाठवला, आबा."

आत्माराम शिवलकरांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

२

गफूर मजगावकर पूर्वी बोटीवर रेडिओ ऑफिसर होता. खलाशी त्याला मार्कोनीसाहेब म्हणायचे. एकोणीसशे नव्याण्णवमध्ये जहाजांवरून मोर्सने तारा पाठवणं बंद झालं आणि गफूर कायमचा मांडवीत उतरला. चार वर्षांनी बायको सकिना गेली. मुलगा जुनेद कुवेतला. रिकाम्या घरात करायचं काय, म्हणून तो लोकांच्या घरी वायरलेस इंटरनेट बसवून द्यायला लागला. काम थोडंच मिळे. पण तेवढ्या निमित्ताने चार घरांत चहा होई.

दिशा दारात आली ती रागातच.

"चाचा, तुमच्या वायरलेसमधून कोणीतरी माझ्या घरात शिरलंय."

गफूरला हे लागलं. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

तिचं घर त्याला पाठ होतं. डिसेंबरात त्यानेच तिथे वायरलेस बसवलं होतं. फोनचं कनेक्शन फक्त खाली ओटीवर. माडीवर फोनची वायर न्यायला टेलिफोनवाले तयार नव्हते, चिऱ्याच्या भिंती दीड हात जाड. तोवर दिशाचं टेबल ओटीवरच होतं, फोनला लागून, वडिलांच्या खाटेपासून चार पावलांवर. गफूरने फोनशेजारी वायरलेस मोडेम ठेवला, जिन्याच्या तोंडाकडे त्याच्या अँटेनाची दांडी फिरवून फिरवून नेम धरला, आणि वर माडीवर सिग्नल आला. त्या दिवशी दिशा इतकी खूश झाली होती, की तिने लगेच टेबल वर चढवून घेतलं.

"पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?" गफूरने विचारलं.

"मला, तुम्हाला. महरीनला, मेलचा पत्ता तिनेच उघडून दिला होता, तिच्या सायबर कॅफेत. आणि निलेशदादाला."

"आबांना?"

"आबा त्या लॅपटॉपकडे बघतसुद्धा नाहीत."

"तू पाठवलेल्या मेलच्या यादीत हे पत्र दिसतं का?"

"प्रत राहतच नाही ना माझ्याकडे. ड्रॉइंगं जड म्हणून तुम्हीच ती सोय बंद केलीत."

हे खरं होतं. गफूरने डोकं खाजवलं. "गुरुवारी अकरा चाळीसला तू कुठे होतीस?"

"औषधाच्या दुकानात. लोडशेडिंग होतं, साडेदहा ते दीड. वीज गेली की माडीवर भाजून निघतं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन खाली येते आणि बॅटरीवर काम करते. त्या दिवशीही खालीच होते. आबांची गोळी संपलेली लक्षात आली, म्हणून अकराला निघाले आणि बाराला परत आले. दीडला वीज आली तशी तयार असलेली ड्रॉइंगं पाठवली, पुण्याला पोचली. तेव्हा तर काहीच वेगळं वाटलं नाही."

गफूर एकदम ताठ बसला.

"म्हणजे अकरा चाळीसला तुमच्याकडे वीज नव्हती. लॅपटॉपला बॅटरी असते गो, मोडेमला नसते. वीज नाही तर मोडेम मेलेला. त्या वेळी तुमच्या घरातून मेल जाणं शक्यच नाही."

"मग कुठून गेला?"

गफूरच्या डोळ्यांसमोर सगळी मांडवी आली. लोडशेडिंगमध्ये सगळ्या वाडीत वीज असणारी एकच जागा होती. ते नाव त्याला घ्यायचं नव्हतं, पण दिशा उठून उभी राहिली होती.

"महरीनकडे जनरेटर आहे," ती म्हणाली, आणि चपला घालून निघालीसुद्धा.

३

गफूर पोचला तोवर भांडण होऊन गेलं होतं. कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं. तीन कॉम्प्युटर, तीन रिकाम्या खुर्च्या आणि गल्ल्यामागे महरीन, डोळे लाल करून बसलेली. तिचा नवरा पाच वर्षं मस्कतला. वर्षातून एक महिना तो घरी असायचा.

"मला चोर म्हणून गेली, चाचा. शाळेपासूनची मैत्रीण."

"तिचं काम तुला हवं होतं?"

महरीनने मान खाली घातली. "मार्चमध्ये मी तिला विचारलं होतं, थोडं शिकव, थोडं मला दे. ती 'बघू' म्हणाली. हवं होतं, नाही कशाला म्हणू? पण असं नाही. मला काम तरी मिळालं का ते? तिलाच विचारा."

"गुरुवारी सकाळी इथे कोण होतं?"

"मी आणि धाकू मेस्त्री."

"धाकू कशाला?"

"जनरेटर बंद पडला होता. बुधवारपासून. गुरुवारी दहा वाजल्यापासून त्याने तो मागच्या अंगणात खोलून ठेवला होता, दुपारी तीनला सुरू झाला. लोडशेडिंगभर मी अंधारातच बसले होते."

धाकू मेस्त्री कोपऱ्यावरच भेटला. त्याने तेच सांगितलं, वर महरीनबाईने दोनदा चहा दिल्याचंही.

उरला निलेश. दिशाचा मोठा भाऊ डोंबिवलीला राहायचा आणि दोन वर्षं दोघांना तिकडे यायला सांगत होता. त्या आठवड्यात तो रत्नागिरीत आलेला होता. गफूरने त्याला फोन केला.

"मला ती इथे यायला हवी आहे, हे खरं," निलेश म्हणाला. "एवढ्या मोठ्या घरात दोन माणसं, एक वर, एक खाली. पण गुरुवारी मी हेदवीला लग्नात होतो, चाचा. सकाळी सातलाच निघालो. आमच्या सावित्रीबाईही होत्या, त्यांच्या भाचीचंच लग्न. त्यांना विचारा."

सावित्रीबाई शिवलकरांकडे सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला यायच्या. त्या म्हणाल्या, "होता ना निलेश. अक्षता टाकताना माझ्या बाजूलाच उभा होता. तिथे फोनला रेंज नाय म्हणून सारखा कुरकुरत होता."

गफूर बंदरावरच्या कठड्यावर जाऊन बसला. निलेश हेदवीला. महरीनकडे वीज नाही. दिशाच्या घरात वीज नाही. अख्खी मांडवी तीन तास बंद. आणि त्या तीन तासांच्या मधोमध एक मेल पुण्याला निघालेला.

असा मेल जगात कुठूनच जाऊ शकत नव्हता. तरी तो पोचला होता.

४

दुसऱ्या दिवशी गफूर परत कॅफेत गेला. दिशाने त्याला ते पत्र पाठवून ठेवलं होतं. त्याचे डोळे आता पडद्यावर टिकत नसत.

"हे जरा छापून देशील? मोठ्या अक्षरात."

महरीनने छापून दिलं. तिच्या मशीनवर अक्षराचं वळण वेगळं होतं, साधं, टोकं नसलेलं, त्यामुळे सारखी दिसणारी अक्षरंही वेगळी ओळखू येत. गफूरने कागद हातात घेतला आणि चष्मा वर केला.

"महरीन, पत्रात टाइप केलेली ही तारीख बघ."

"बारा एप्रिल."

"यातला एक बघ."

महरीन वाकली. "हा एक नाहीये, चाचा. इंग्रजी छोटा एल आहे. बाराच्या एकाच्या जागी एल टाकलाय." तिने भुवया उंचावल्या. "असं कोण करतं? एकचं बटण तर वर आहेच."

"आणि या ओळी. प्रत्येक ओळ सारख्या लांबीवर तोडलेली आहे. तू मेल लिहितेस तेव्हा ओळ संपली की काय करतेस?"

"काहीच नाही. ती आपोआप खाली जाते."

"ज्याने हे लिहिलंय त्याला ते माहीत नव्हतं. त्याने प्रत्येक ओळीशेवटी हाताने खाली उतरवलं."

गफूरने कागदाची घडी केली. जुन्या टाइपरायटरवर एकचा खटका नसायचा; टायपिस्ट छोटा एल मारायचे. ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि दांडा ओढून ओळ खाली घ्यावी लागायची. हे पत्र लिहिणाऱ्याची बोटं कॉम्प्युटरवर शिकलेली नव्हती.

महरीनने चहा पुढे ठेवला. "बोटीवर तुम्ही तारा पाठवायचात ना, चाचा? वीज गेली तर काय करायचात?"

"फॉर्मवर लिहून ठेवायचो. वीज आली की..."

गफूर बोलता बोलता थांबला. तारेच्या फॉर्मवर वेळा दोन असत. एक, माणसाने मजकूर लिहून आणून दिला ती. दुसरी, तो मजकूर खरोखर हवेत गेला ती. वादळात या दोन वेळांमध्ये दहा-दहा तास जात. पण वाचणाऱ्याला वर दिसे ती पहिलीच.

अकरा चाळीस ही पत्र लिहून पाठवण्याचं बटण दाबल्याची वेळ होती. सुटल्याची नव्हती.

त्याने कॅफेतूनच पुण्याला फोन लावला आणि साहेबांना मेलच्या पोटात लपलेली, तो खरोखर निघाला तेव्हा सर्व्हरने मारलेली वेळ वाचायला सांगितली. साहेबांनी शोधून वाचली. एक वाजून चौतीस मिनिटं.

"आणखी एक, मजगावकरसाहेब," ते म्हणाले. "तुम्ही चौकशी करताय म्हणून सांगतो. मी शुक्रवारी सकाळी घरी फोन केला होता. एका वयस्कर गृहस्थांनी उचलला. मी म्हटलं, दिशाबाईंच्या राजीनाम्याबद्दल बोलायचंय. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग फोन ठेवला."

५

बुधवारी साडेदहाला वीज गेली. अकराच्या सुमारास गफूर शिवलकरांकडे गेला. दिशाला त्याने आधीच सांगून महरीनकडे पाठवलं होतं: "ती निर्दोष आहे, जाऊन माफी माग. बाकीचं नंतर."

आत्माराम खाटेवर उशीला टेकून बसले होते. दोन वर्षांपूर्वी मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून जिना त्यांना बंद झाला होता, काठी टेकत ओटीपुरतं तेवढं चालत. हात मात्र धड होते. उजव्या हाताची बोटं खाटेच्या लाकडावर उगाचच चालत होती, टकटक, टकटक.

"भाऊ, बंदर कचेरीत तुम्ही किती वर्षं टायपिंग केलंत?" गफूरने विचारलं.

बोटं थांबली. "बत्तीस."

"माझे बोटीवर चढायचे कागद तुम्हीच टाइप करायचात. एकाच्या जागी एल."

आत्मारामांनी डोळे मिटले. गफूर शेजारच्या स्टुलावर बसला.

"मी सांगतो, चुकलो तर थांबवा. गुरुवारी लॅपटॉप इथेच होता, लोडशेडिंग म्हणून. दिशा औषधाला गेली. सावित्रीबाई लग्नाला. तुम्ही एकटे. साहेबाला ड्रॉइंग पाठवायचा मेल तिने अर्धवट उघडा ठेवला होता, पत्ता घातलेला. तुम्ही पत्र लिहिलंत आणि बटण दाबलंत. मोडेम बंद, म्हणून ते लॅपटॉपमध्येच पडून राहिलं. दीडला वीज आली आणि दिशाने आपली ड्रॉइंगं पाठवली, तेव्हा त्यांच्याबरोबर तेही गेलं. तिच्याच हाताने."

बाहेर माडाच्या झावळ्या वाजत होत्या. पंखा बंद असल्यामुळे घरात दुसरा आवाज नव्हता.

"मला वाटलं पुसलं गेलं," आत्माराम शेवटी म्हणाले. "बटण दाबलं तशी पडद्यावरची ती पाटी गायब झाली. म्हटलं, वीज नाय तर जाणार कुठे? बरं झालं म्हटलं. खरंच सांगतो गफूरभाई, बरं वाटलं मला."

"मग लिहिलंत कशाला?"

"तिचं टेबल इथे होतं तेव्हा ती दिवसभर पाठमोरी बसायची. बोलायची नाय, कामात असायची. पण पाठ दिसायची." त्यांनी फोनच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "वर गेली आणि मला नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज उरला. जेवायला येते, पाच मिनिटं बसते, वर जाते. वीज गेली की मात्र लॅपटॉप घेऊन खाली येते. लोक लोडशेडिंगला शिव्या घालतात. मी घड्याळ बघत बसतो, साडेदहा कधी वाजतात म्हणून."

ती माडी गफूरनेच तिला उघडून दिली होती. सिग्नल आला तेव्हा जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्यानेच ओरडून सांगितलं होतं, आला गो, आला! खाटेवर पडलेल्या माणसाकडे तेव्हा त्याने वळूनही पाहिलं नव्हतं.

"आणि शुक्रवारी साहेबाचा फोन आला," तो हळू म्हणाला.

आत्मारामांचा चेहरा आक्रसला. "तेव्हा कळलं, की गेलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. साहेब, पत्र खोटं आहे, एवढंच. तोंडच उघडलं नाय." ते थांबले. "पहिलं चुकून झालं असं म्हणता येईल. फोन ठेवला तो चुकून नाय."

"हे दिशाला तुम्ही सांगायचं, भाऊ. मी नाही."

पायरीशी पाय हलल्याचा आवाज झाला. दिशा दारात उभी होती. ती केव्हापासून तिथे होती, ते दोघांनाही कळलं नाही.

६

ती ओरडली नाही. लॅपटॉप उचलून वर गेली. वीज नसताना, भर उन्हाच्या त्या खोलीत ती दीड वाजेपर्यंत बसून राहिली. पुढचे तीन दिवस ताट वाढायला तेवढी खाली आली.

चौथ्या दिवशी आत्मारामांनी सावित्रीबाईंकरवी गफूरला बोलावणं धाडलं आणि आपल्याला एक पत्र लिहायचं आहे म्हणून सांगितलं. गफूरने स्वतःचा लॅपटॉप आणला. आत्मारामांनी पुण्याच्या साहेबांना स्वतःच्या नावाने सगळं लिहिलं, काही न लपवता. पत्र गेल्यावर त्यांनी गफूरला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

साहेबांचं उत्तर दिशाला आलं. ड्रॉइंगं आता वर्षभर दुसऱ्याकडे होती, ती परत मिळणार नव्हती. पण पुण्याच्या कचेरीत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जात होत्या. सहा महिन्यांसाठी टेबल रिकामं होतं. यायचं असेल तर पंधरा मेपासून.

दिशा तो मेल वाचून खाली आली आणि खाटेच्या कडेवर बसली. कितीतरी दिवसांनी ती तिथे बसली होती.

"मी जाते, आबा," ती म्हणाली. "रागाने नाही. मलाही वर माडीवर एकटं वाटत होतं. तुम्हाला कधी बोलले नाही."

"दोघंही एकाच घरात," आत्माराम म्हणाले.

"तुम्ही चला ना माझ्याबरोबर. नाहीतर दादाकडे."

"मला समुद्राचा आवाज लागतो गो झोपायला. तू जा."

तिने त्यांचा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

मेच्या तेराव्या तारखेला दिशा पुण्याला गेली. स्टँडवर तिला सोडायला महरीन आली होती. दोघींचं अजून पूर्वीसारखं बोलणं नव्हतं. महरीनने सरळच सांगितलं होतं, की चोर म्हटलेलं इतक्यात विसरता येणार नाही. तरी तिने बॅग गाडीत चढवून दिली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली.

सावित्रीबाई आता आत्मारामांकडेच मुक्कामाला आल्या. दुपारी त्या आत पडायच्या आणि ओटीवर आत्माराम एकटे असायचे.

दोन दिवसांनी दुपारी गफूर पायरीशी आला. हातात अवजारं नव्हती, बसवायला काही नव्हतं. तो दारातच घुटमळला.

"भाऊ, माझ्याही घरी या वेळेला कोणी नसतं," तो म्हणाला. "रोज थोडा वेळ आलो तर चालेल का?"

आत्मारामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पाय थोडे आखडून खाटेवर जागा केली.

"या," ते म्हणाले. "पण बोललंच पाहिजे असं नाय."